प्राण्यांचा रंगविन्यास
सस्तन प्राण्यांच्या केसांतील रंगद्रव्यांच्या असमान वाटणीमुळे अंगावर ठिपके, पट्टे इ. खुणा उमटतात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील वनांत आढळणाऱ्या बिबट्याचे ठिपके ऊन-सावलीत मिसळून जातात व तो भक्ष्याच्या सहसा नजरेस पडत नाही. हा लाभ स्पष्ट असला, तरी त्यावरून निसर्गाचा हेतू सिद्ध होत नाही. आनुवंशिक भेद गरजेनुसार नव्हे, तर यदृच्छया उद्‌भवतात. तगण्यास व प्रजोत्पादनास साहाय्यक ठरणारे भेद पुढील पिढ्यांत वाढतात. या प्रक्रियेस नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये तिचे सविस्तर विवरण केले. एका अप्रभावी जनुकामुळे बिबट्याच्या एकाच वेतात ठिपकेदार व काळी पिले जन्मू शकतात. त्यांपैकी कोणती तगतील, हे पुढे परिसरावर अवलंबून असते.