दाखला बापाकडचा, आजार दोन्हीकडचा

जून महिना आला की वस्तीत धावपळ सुरू होते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर असतात आणि जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांचा कागद लागतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्यापूर्वी आपले कुटुंब कुठे राहत होते आणि नोंदीत जात काय लिहिली होती, हे दाखवावे लागते. मग पत्र्याच्या पेट्या उघडतात, गावाकडे फोन जातात, कोणी एसटी पकडून तहसीलला जाते.

आमची उमेदीची वर्षे दवाखान्यात नर्सचे काम करण्यात गेली. आता आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो आणि या कागदांसाठीही कुटुंबांना मदत करतो. दोन्ही कामे करताना एक गोष्ट सतत दिसते. कचेरीला वडिलांकडची वंशावळ हवी असते. लग्न झालेल्या बाईकडेही तिच्या माहेरच्या बापाकडचाच कागद मागतात. आई, आजी, पणजी त्या वंशावळीत कुठेच नसतात. शरीर मात्र असा भेद करीत नाही. ते आईकडचे अर्धे घेते आणि बापाकडचे अर्धे घेते. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की पूर्वजांचा शोध घ्यायला निघालाच आहात, तर कागदासोबत आजाराचाही शोध घ्या, आणि तो दोन्हीकडचा घ्या.

कागद कुठे सापडतो

पहिली जागा म्हणजे गावची शाळा. आजोबा एक-दोन इयत्ता जरी शिकले असतील, तरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये त्यांचे नाव, जन्मतारीख आणि जात लिहिलेली असते. ते शिकले नसतील तर त्यांचे भाऊ, चुलते शिकले का ते विचारा. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातल्या माणसाची नोंदही उपयोगी पडते.

दुसरी जागा कोतवाल बुकाची. गाव नमुना १४ म्हणतात तो हाच. गावातला जन्म आणि मृत्यू यात लिहिला जाई. त्याची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून मिळते. यात बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहून पुढे बापाचे नाव आणि जात असते. आडनावही नसते, नुसते 'अमुक वल्द तमुक'. त्यामुळे आजचे आडनाव घेऊन शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून आधी पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव पक्के करून घ्या. बोलावण्याचे नाव वेगळे असेल तर तेही लिहून घ्या.

तिसरी जागा जमिनीच्या कागदांची. जुना सातबारा, फेरफार, वतनाची नोंद. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली, पण त्याआधीच्या नोंदींमध्ये महार वतनदारांची नावे सापडतात. काही कागद मोडी लिपीत असतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावे लागतात. आजोबा गिरणीत, रेल्वेत किंवा सैन्यात असतील तर त्यांचे नोकरीचे पुस्तक शोधा.

कचेरीत तोंडी उत्तर मिळाले तर तेवढ्यावर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. माहितीच्या अधिकारात विचारले तर साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

जुनी वर्तमानपत्रे

बाबासाहेबांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' सुरू झाले. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली एकत्र छापले आहेत. मोठ्या ग्रंथालयात तो खंड पाहायला मिळतो. या पत्रांमध्ये सभा-परिषदांची वृत्ते आहेत, त्यात गावांची नावे येतात. आजोबा ज्या सभेची आठवण सांगत, तिची तारीख तिथे सापडली तर त्यावरून घरातल्या जन्म-मृत्यूची साले जुळवता येतात. "त्या सभेच्या वर्षी थोरला जन्मला," असे आजी सांगते ना, तिथे हे उपयोगी पडते. दाखल्यासाठी मात्र एवढ्यावर भागत नाही. त्याला सरकारी नोंदच हवी.

मृत्यूची नोंद वाचताना

कोतवाल बुकात मृत्यूचे कारणही लिहिलेले असते. 'ताप', 'देवी', 'कॉलरा', 'प्लेग' असे एकेका शब्दात. आम्ही नर्स असल्याने ती ओळ वाचताना थोडे थांबतो. 'ताप' या एका शब्दात हिवताप, विषमज्वर आणि कितीतरी आजार कोंबलेले आहेत. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत एकाच घरात दोन-तीन मृत्यू दिसले, तर ती बहुधा इन्फ्लुएन्झाची साथ असते. त्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्यावरून 'आपल्या घराण्याला आजार आहे' असे ठरवू नये.

साथ नसताना पिढ्यान्‌पिढ्या तीच तक्रार दिसली, तर मात्र लक्ष द्यायला हवे. अशी गोष्ट कागदात क्वचित असते. ती आजीच्या तोंडी असते.

नागपूरच्या एका वस्तीत एक कुटुंब पणजोबांचा शाळेचा दाखला शोधत होते. नावे विचारताना आजी सहज म्हणाली, "माझ्या दोन बहिणी लहानपणीच गेल्या बाई. हातपाय सुजायचे, हाडं दुखून रात्रभर रडायच्या, डोळे पिवळे व्हायचे. करणी झाली म्हणायचे." आम्ही त्या सर्वांना रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगितले. आजीची मुलगी सिकलसेलची वाहक निघाली, नातूही वाहक निघाला. त्या नातवाचे लग्न ठरत होते. मुलीच्या घरच्यांना विश्वासात घेऊन तिचीही तपासणी केली. ती वाहक नव्हती. लग्न झाले. दाखल्याचा कागद पुढे वर्षभराने मिळाला. रक्ताचा कागद मात्र वेळेवर मिळाला होता.

रक्तातली नोंद

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा आजार आहे. तो हवेतून, पाण्यातून, स्पर्शातून होत नाही. हिमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेत एका अक्षराएवढा बदल असतो. त्यामुळे लाल पेशी गोल न राहता विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि लवकर तुटते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची पेशी १० ते २० दिवसच. म्हणून रक्त कमी पडते, कावीळ दिसते, हाडे असह्य दुखतात.

बदललेली सूचना एकाच पालकाकडून आली तर ते मूल वाहक होते. कागदावर त्याला 'एएस' लिहितात. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही पालकांकडून आली तर मूल आजारी होते, त्याला 'एसएस' लिहितात. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

विदर्भात, विशेषतः नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात सिकलसेल जास्त आढळतो. बौद्ध समाजात आहे, गोंड आणि माडिया आदिवासींत आहे, कुणबी-तेली समाजातही आहे. खानदेशात भिल्ल आणि पावरा समाजात आहे. यात कुठल्या जातीचा दोष नाही. वाहकाला गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळते. त्यामुळे जिथे हिवताप फार, तिथे ही सूचना पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली.

पोटापाण्यासाठी विदर्भातून मुंबई, पुणे, सुरतेकडे गेलेल्या कुटुंबांनी इथे लक्ष द्यावे. तुमचा जन्म मुंबईचा असेल, पण पणजोबांचे गाव भंडाऱ्याकडचे असेल, तर डॉक्टरांना ते सांगा. मुलाचे अंग वारंवार दुखते, रक्त वाढत नाही, आणि मूळ गाव कुणी विचारत नाही, असे होऊ शकते. पूर्वजांचे गाव ठाऊक असणे इथे औषधाइतके महत्त्वाचे ठरते.

तपासणी कशी होते

सिकलसेलचे प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. पहिली तपासणी सोल्युबिलिटीची. तिच्यात रक्तात दोष आहे एवढेच कळते, वाहक की आजारी ते कळत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. पहिल्या कागदावर 'पॉझिटिव्ह' आले तर घाबरून घरी बसू नका, दुसरी तपासणी पूर्ण करा. सहा महिन्यांच्या आतील बाळात सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवता येत नाही. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर निकाल चुकतो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. तिचा भर आदिवासी भागावर आहे, म्हणून शहरातल्या वस्तीत कोणी दारात येईल याची वाट पाहू नये. आपण होऊन विचारावे.

आजारी मुलाला ताप आला, छातीत दुखून धाप लागली, पोट एकाएकी फुगले, एका बाजूचे हातपाय लुळे पडले, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. एरवी पाणी भरपूर, थंडीपासून जपणूक आणि डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक आम्लाच्या व हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित. नीट उपचार मिळाले तर ही मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.

विकतची डीएनए तपासणी

हल्ली नळीत लाळ पाठवून पूर्वज सांगणाऱ्या कंपन्या आहेत. आपली तरुण मुले विचारतात, "करू का?" तिच्याकडून काय मिळते ते आधी समजून घ्या. कंपनी तुमची तुलना तिच्याकडे असलेल्या नमुन्यांशीच करते. ज्या समाजातले नमुने कमी, त्यांना उत्तर ढोबळ मिळते. पणजोबांचा वाटा तुमच्यात सरासरी साडेबारा टक्केच असतो. आणि डीएनएमध्ये जात लिहिलेली नसते. दाखल्यासाठी त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र त्यात सुंदर आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आई, आजी, पणजी, खापरपणजी अशी जी ओळ कचेरीने कधी लिहिली नाही, ती प्रत्येकाच्या पेशीत आहे.

'शुद्ध रक्ता'ची बढाई मारणाऱ्यांनाही विज्ञानाने उत्तर दिले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोकसमूह एकमेकांत मिसळत होते. जातीतल्या जातीत लग्न करण्याची रीत त्यानंतर घट्ट झाली. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात जातीचे मूळ याच अंतर्गत विवाहात आहे असे मांडले होते. लहान वर्तुळात लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यताही वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

लाळ पाठवण्याआधी हेही लक्षात घ्या की ती माहिती एकट्या तुमची नसते, भावंडांची आणि मुलांचीही असते. 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकन कंपनीकडून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढे पैसे खर्चण्यापेक्षा सिकलसेलची तपासणी आधी करा.

वहीत काय लिहायचे

एक वही घ्या. मधोमध मुलाचे नाव लिहा. वर एका बाजूला आई, तिचे आईवडील, मामा-मावश्या. दुसऱ्या बाजूला वडील, त्यांचे आईवडील, काका-आत्या. प्रत्येकापुढे मूळ गाव, जन्माचे अंदाजे साल, मोठा आजार, तो कोणत्या वयात झाला, आणि व्यक्ती हयात नसेल तर कशाने गेली, हे लिहा. रक्त कमी असणे, मधुमेह, रक्तदाब, पन्नाशीच्या आत हृदयविकार, स्तनाचा कर्करोग हे जरूर विचारा. लहानपणी गेलेली मुले गाळू नका. आजी त्यांच्याविषयी बोलत नसेल तर घाई करू नका, तिच्याजवळ बसा.

आणि एक विनंती. वहीत काही निघाले तर सुनेला बोल लावू नका. सिकलसेलचे आजारी मूल जन्मते ते दोघांकडून मिळून, एकट्या आईकडून कधीच नाही. वाहक मुलीचे लग्न मोडू नका, वाहक नसलेला मुलगा बघा. त्याची तपासणी एचपीएलसीने करा म्हणजे थॅलेसेमियाही कळेल. लग्न आधीच झाले असेल आणि दोघे वाहक असतील, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा.

पुढच्या रविवारी विहारात याल तेव्हा ही वही आणि मिळालेल्या नकलांची एक-एक झेरॉक्स सोबत आणा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जमिनीपासून उंच ठेवा. पावसाळा जवळ आहे.