संपलेला सेल संपलेला नसतो

घरच्या संगणकाचे घड्याळ एके दिवशी अचानक काही वर्षे मागे जाते. वेबसाइट उघडेनाशा होतात, कारण संगणकाच्या मते त्यांची प्रमाणपत्रे अजून सुरूच झालेली नसतात. चालू करताना काळ्या पडद्यावर तक्रारीची एक ओळ येते. हार्डवेअरची आवड असलेल्या माणसाला एवढे पाहून कारण कळते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. कॅबिनेटची बाजू उघडायची, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सेलची पट्टी सरकवायची, जुना सेल उडी मारून बाहेर येतो, नवा दाबून बसवायचा. पाच मिनिटांचे काम. तारीख-वेळ पुन्हा लावली की विषय मिटला. जुना सेल मात्र टेबलाच्या कडेला पडून राहतो आणि डॉक्टरांचा विषय तिथे सुरू होतो.

अजिंठा म्हटले की लोकांना लेणी आठवतात. पण लेण्यांकडून घाट चढून वर आले की लागणाऱ्या अजिंठा गावात, तसेच सिल्लोड, फर्दापूर अशा आसपासच्या गावांत, यंत्रांचे वेड असलेला एखादा तरुण असतोच. त्याच्या खोलीत दोन उघडी कॅबिनेट, जुन्या रॅमच्या पट्ट्या, चार्जरचे जंजाळ आणि एका बरणीत स्क्रू. गल्लीतल्या लोकांचे रिमोट, मोबाइल, वजनकाटे त्याच्याकडेच येतात. त्याचे अनुभव शहरातल्या हौशी मंडळींपेक्षा थोडे वेगळे असतात. पंख्यात बसणारी धूळ जास्त, उन्हाळ्यातली उष्णता जास्त आणि लाइट जाण्याचे प्रमाणही जास्त. या लाइट जाण्याचा त्या छोट्या सेलशी थेट संबंध आहे. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल, तर त्याचे घड्याळ विजेच्या तुटपुंज्या पुरवठ्यावर चालते आणि सेलवर भार पडत नाही. वीज गेली, किंवा कडाडणाऱ्या विजेच्या भीतीने कोणी प्लग काढून ठेवला, की घड्याळ सेलवर येते. त्यात उष्णतेने सेल बसल्या जागीही लवकर झिजतो. म्हणून अशा गावात हा सेल शहरापेक्षा लवकर बदलावा लागतो आणि सुटे, टाकून दिलेले सेल घरात जास्त साठतात.

हा सेल संगणकात नेहमीच होता असे नाही. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीला स्वतःचे घड्याळ नव्हते. प्रत्येक वेळी सुरू करताना तारीख आणि वेळ टाइप करावी लागे. बॅटरीवर चालणारे घड्याळ मदरबोर्डवर आले ते १९८४ च्या पीसी एटीबरोबर. बॅटरी संपली की अनेक जुने संगणक १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवत, कारण डॉस या प्रणालीचा काळच तिथून सुरू होत असे. जुन्या हौशी लोकांना ही तारीख अजून पाठ असते.

आज बहुतेक मदरबोर्डवर जो सेल असतो त्याच्यावर ‘सीआर २०३२’ असे कोरलेले असते. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, २० मिलिमीटर. पुढचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. आत लिथियम, दाब ३ व्होल्ट. आकाराने हा आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या जवळपास असतो. हाच सेल, किंवा याच व्यासाचे त्याचे पातळ भाऊ सीआर २०२५ आणि २०१६, गाडीच्या रिमोट चावीत, टीव्ही बॉक्सच्या छोट्या रिमोटमध्ये, स्वयंपाकघरातल्या काट्यात, दिवाळीच्या इलेक्ट्रिक पणत्यांत आणि आजोबांची साखर तपासणाऱ्या ग्लुकोमीटरमध्येही असतात.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हातात आलेली चकचकीत वस्तू तोंडात घालायचीच असते. लहान बटण सेल बहुधा अन्ननलिकेतून खाली उतरतात. वीस मिलिमीटरचा मात्र घशाखाली, अन्ननलिका सुरू होते त्या अरुंद जागी अडकतो. पुढे जे होते त्याबद्दल सुशिक्षित घरांतही गैरसमज आहे. लोकांना वाटते, सेल फुटून आतले रसायन गळत असेल. तसे क्वचित होते. खरे नुकसान होते विजेमुळे. अन्ननलिकेच्या ओल्या भिंती सेलला दोन्ही बाजूंनी चिकटतात, परिपथ पूर्ण होतो आणि भिंतीतल्या ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो. सेलच्या ऋण बाजूला पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होते. सोप्या भाषेत, कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र दाहक पदार्थ त्या जागीच बनू लागतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत असते. सेल अडकलेल्या जागी हळद असती तर तीही तशीच लाल झाली असती, फक्त इथला दाहकपणा साबणाच्या कितीतरी पट असतो. आम्लाने भाजलेल्या ऊतींवर निदान खपली धरते आणि आम्ल तिथे थोडे अडते. या पदार्थाने भाजलेल्या ऊती विरघळून मऊ होतात आणि जखम खोल उतरत जाते.

प्राण्यांवरील प्रयोगांत पहिल्या पंधरा मिनिटांतच अस्तराला इजा दिसू लागली. मुलांमध्ये दोन तासांत गंभीर भाजण्याइतके नुकसान होऊ शकते. सेलची सपाट, मोठी, अधिक चिन्हाची बाजू धन असते. उलटी, थोडी लहान बाजू ऋण. ऋण बाजू समोरच्या दिशेला असेल तर श्वासनलिकेला भोक पडण्याची भीती, मागे असेल तर मणक्याच्या बाजूला.

‘तो तर संपलेला होता’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. संगणकाच्या दृष्टीने संपलेला, हे खरे. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या जरा वर दाखवतो, आणि घड्याळ चुकायला लागते तेव्हाही त्यात दोन-अडीच व्होल्ट शिल्लक असू शकतात. पाण्याचे विघटन व्हायला साधारण १.२ व्होल्ट पुरतात. म्हणजे जो सेल यंत्राला निरुपयोगी झाला, तो लेकराच्या अन्ननलिकेला जाळायला पुरेसा ताजा असतो. हे गणित हार्डवेअरच्या माणसाला डॉक्टरांपेक्षा लवकर समजावे, कारण मल्टिमीटर त्याच्याच हातात असतो.

घरच्यांनी गिळताना पाहिले नसेल तर ओळखणे कठीण. मूल लाळ गाळते, खायला नको म्हणते, खोकते, ओकते, छातीवर हात नेते, श्वासाला आवाज येतो. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत अशी दहा मुले दवाखान्यात येतात. काही मुलांना तर पहिले काही तास काहीच होत नाही. पाहिले असेल तरी घोटाळा होतो, कारण आई सांगते, ‘डॉक्टरसाहेब, पोरानं रुपया गिळला.’ नाणे अडकलेल्या पण त्रास नसलेल्या मुलाला काही तास थांबवून पाहता येते. सेलच्या बाबतीत थांबायचे नसते. एक्स-रेमध्ये दोन्ही गोल दिसतात. मात्र नीट पाहिले तर सेलच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ दिसते आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत पायरीसारखी कड दिसते. म्हणूनच ‘नाणे’ म्हणून आलेल्या मुलाचाही एक्स-रे दोन्ही बाजूंनी काढावा आणि तो मोठा करून पाहावा.

अमेरिकेतील टोबी लिटोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये साडेआठ हजारांहून अधिक घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २० ते २५ मिलिमीटरचे सेल गिळलेल्या सहा वर्षांखालील मुलांपैकी १२.६ टक्के मुलांना गंभीर गुंतागुंत झाली किंवा ती दगावली. सहा वर्षांखालच्या मुलांनी गिळलेले सेल आले कुठून, हेही त्यांनी मोजले. सुमारे ६२ टक्के थेट वस्तूतून काढलेले, सुमारे ३० टक्के सुटे पडलेले आणि बाकी बहुतेक पाकिटातले. सुटे पडलेले तीस टक्के सेल टेबल, गादी, खिडकीची कड इथलेच असतात.

आता अजिंठ्याचा नकाशा डोळ्यापुढे आणावा. अडकलेला सेल काढायला लहान मुलांना चालेल अशी दुर्बीण, ती वापरणारा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ लागतो. हे तिन्ही रात्री-अपरात्री मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा तसेच मोठे रुग्णालय, आणि ते इथून शंभरेक किलोमीटरवर. जळगाव त्याहून जवळ, पण मध्ये घाट. दोन तासांची मुदत आणि रस्त्याचे दोन तास, ही दोन गणिते एकमेकांवर चढतात. त्यामुळे ‘रात्रभर बघू, सकाळी नेऊ’ याला इथे जागा नाही. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल ती गाडी काढावी. जवळच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रेची सोय असेल तर तो काढून घ्यावा, आणि तेवढ्यात पुढच्या रुग्णालयाला फोन करून ‘मुलाने बटण सेल गिळला आहे’ हेच शब्द वापरावेत. सेलचे पाकीट किंवा तसाच दुसरा सेल बरोबर न्यावा. त्यावरचा नंबर डॉक्टरांचा वेळ वाचवतो.

वाटेत एक गोष्ट उपयोगी पडते, आणि ती घरात असते: मध. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे म्हणजे सुमारे १० मिलिलिटर मध, जास्तीत जास्त सहा वेळा द्यावा. अमेरिकेतील नॅशनल कॅपिटल पॉइझन सेंटरच्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे. मध सेलवर आणि अस्तरावर थर धरतो आणि तयार होणारा दाहक पदार्थ थोडा मंदावतो. सेल काढणे त्याने टळत नाही, आणि मध आणायला दुकान शोधत थांबूही नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. नाणे खाली ढकलायला केळे खाऊ घालण्याची जुनी पद्धत इथे नको. घशात बोटे घालून ओकवणे नको. लिंबू-व्हिनेगरचे घरगुती प्रयोगही नकोत.

सेल निघाला म्हणजे सुटलो असेही नाही. भाजलेली भिंत पुढे कित्येक दिवस झिजत राहते. महाधमनीपर्यंत जखम पोहोचली तर दोन-तीन आठवड्यांनीही रक्तस्राव होऊ शकतो. घरी गेलेल्या मुलाच्या ओकारीत रक्त दिसले किंवा शी काळी झाली, तर त्याच तासाला परत आणावे. लहान बटण सेल नाकात किंवा कानात घातलेला असेल तर थेंब टाकू नयेत. ओलाव्याने जळणे वाढतेच. आणि फक्त मुलेच नाहीत, कानाच्या यंत्राचा सेल गोळी समजून गिळणारे वृद्धही असतात.

टेक्सासमधील रीस नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला सेल गिळून डिसेंबर २०२० मध्ये गेली. तिच्या नावाचा कायदा अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. असे सेल असलेल्या वस्तूंचे झाकण मुलांना उघडता येऊ नये, हा त्याचा गाभा. ऑस्ट्रेलियाचे सक्तीचे नियमही त्याच वर्षी जूनमध्ये लागू झाले. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे आणि विजेवरच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. पण रिमोट, वजनकाटा, इलेक्ट्रिक पणती ही खेळणी नव्हेत. बाजारातल्या स्वस्त पणतीचे झाकण नखाने उघडते, हे कोणीही करून पाहावे.

गल्लीतल्या त्या तंत्रवेड्या तरुणाकडून इथे मोठे काम होऊ शकते. ज्या रिमोटला स्क्रू नाही, त्याच्या झाकणावर तो मजबूत चिकटपट्टी लावून देऊ शकतो. सेल बदलताना जुना लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळायचा. त्याने सेल एकमेकांना टेकून तापतही नाहीत. मग झाकणाच्या डब्यात आणि डबा वरच्या फळीवर. डबा भरला की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण गावापासून अशी जागा शोधावीच लागते. तोवर स्क्रूच्या बरणीत सेल टाकायचे नाहीत. ती बरणी बहुधा जमिनीवरच असते.