टर्बोची चढती भाजणी

सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स अमेरिकेत विकायला आली ती २००१ साली, २००२ चं मॉडेल म्हणून. तोवर जपानात ती नऊ वर्षं धावत होती. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रेने निळ्या इम्प्रेझातून जागतिक रॅलीचं अजिंक्यपद मिळवलं, कंपन्यांमधलं अजिंक्यपद ९५, ९६ आणि ९७ अशी सलग तीन वर्षं सुबारूकडे राहिलं, आणि अमेरिकेतली पोरं मात्र ही गाडी प्लेस्टेशनवरच्या ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळातच चालवत होती. त्यामुळे गाडी शोरूममध्ये आली तेव्हा तिचे आकडे गिऱ्हाइकांना तोंडपाठ होते, आणि त्यातला एक त्यांना खुपत होता. जपानी एसटीआयला, म्हणजे डब्ल्यूआरएक्सच्या जास्त तगड्या भावंडाला, कागदोपत्री २८० हॉर्सपॉवर. अमेरिकेच्या वाट्याला आलेल्या दोन लीटरच्या इंजिनाला २२७. पन्नासेक घोडे समुद्रापलीकडेच राहिले, ही ती रुखरुख.

हा फरक काही एकट्या टर्बोचा नव्हता. पण दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर उचलला की समोर दिसणारा आणि चार पाने चालवून काढता येणारा भाग टर्बोच होता. अमेरिकी गाडीत मित्सुबिशीचा टीडी०४ बसवलेला असे. छोटा, चपळ, तीन हजार आरपीएमच्या आसपास जोमात येणारा. सिग्नल ते सिग्नल चालवायला त्याच्याइतका गोड टर्बो नाही. मात्र साडेपाच हजारांच्या पुढे त्याचा दम संपतो. इंजिनाला आणखी फिरायचं असतं आणि टर्बोकडे द्यायला हवा नसते.

एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं, एवढाच या यंत्राचा पसारा. सायलेन्सरकडे निघालेला धूर एक चाक फिरवतो, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. चाकं लहान असली तर ती लगेच फिरतात, पण वरच्या आरपीएमला धुराची वाट अडवून बसतात. मोठी असली तर वर मोकळा श्वास, आणि खाली पाय दाबून वाट पाहायची. ती वाट पाहणं म्हणजे लॅग. तुम्ही ट्रकला ओलांडायला निघता आणि ताकद येते ती ट्रक मागे पडल्यावर, वरातीमागून घोडं.

पहिल्या तीन-चार वर्षांत मालकांची निवड सरळ चढत्या भाजणीने झाली. टीडी०४ काढायचा आणि जपानहून आलेला, आयएचआय कंपनीचा व्हीएफ मालिकेतला वापरलेला टर्बो बसवायचा. त्याने भूक भागली नाही तर मित्सुबिशीचे १६जी, १८जी, २०जी. तरीही नाही भागली तर गॅरेटचे बॉल बेअरिंगवाले जीटी३०, म्हणजे पाइपांची सगळी मांडणीच बदलायची. जो तो आपल्या पायरीवरून वरच्याकडे बघत असे.

यात व्हीएफच्या क्रमांकांनी पुष्कळांना फसवलं. ते आकाराचे आकडे नाहीतच. व्हीएफ२२ हा २००४ च्या अमेरिकी एसटीआयमधल्या व्हीएफ३९ पेक्षा मोठा. व्हीएफ३० आणि व्हीएफ३४ यांची चाकं जवळपास सारखी. फरक बेअरिंगचा, एकात साधं, दुसऱ्यात बॉल बेअरिंग. या दोघांतला कोणता घ्यावा यावर जेवढी डोकी तापली, तेवढा फरक रस्त्यावर जाणवत असेल असं मला वाटत नाही. व्हीएफ३० घेऊन उरलेल्या पैशांत चांगलं ट्यूनिंग करून घेणारे माझ्या मते शहाणे.

टर्बो एकटा येतच नाही. हवा वाढली की पेट्रोल वाढवायला हवं, म्हणजे मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप. इंजिनावरचा इंटरकूलर तापू लागतो, म्हणजे तो काढून गाडीच्या तोंडाशी मोठा लावायचा. त्यासाठी लांबच लांब पाइप, आणि त्या पाइपांत हवा भरेपर्यंत पुन्हा थोडा लॅग. शिवाय सुरुवातीच्या अमेरिकी गाड्यांत इंजिन आणि टर्बो यांना जोडणाऱ्या नळीतच एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. त्याचे तुकडे सुटले तर ते थेट टर्बाइनच्या पात्यांत शिरत. नवा टर्बो बसवायच्या आधी ती नळी बदलणं भाग होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! इतकं करून गाडी उडाली की पुढचा बळी पाच गिअरांचा गिअरबॉक्स. जोरात क्लच सोडणाऱ्यांनी त्याचे दात काढून हातात घेतले. गंमत म्हणजे त्याच काळात बहुतेकांचं लक्ष असे ते हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या ‘फुस्स’ आवाजाकडे. त्या आवाजाने ताकद वाढत नाही. उलट, मोजून आत घेतलेली हवा बाहेर फेकल्यामुळे इंजिनाचा संगणक फसतो आणि गिअर बदलताना क्षणभर पेट्रोल जास्त सोडतो.

२००३ मध्ये, २००४ चं मॉडेल म्हणून, खुद्द एसटीआय अमेरिकेत आली. अडीच लीटरचं ईजे२५७ इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, व्हीएफ३९ टर्बो आणि पोलादी छातीचा सहा गिअरांचा गिअरबॉक्स. तेवढ्यावर भाजणी थांबेल असं वाटलं होतं. पायरी फक्त वर सरकली. पण त्या सुमारास एक गोष्ट बदलली, आणि माझ्या लेखी या सगळ्या काळातली ती सर्वांत महत्त्वाची. लोक कॉम्प्रेसरचा नकाशा वाचायला शिकले.

टर्बो बनवणारी कंपनी प्रत्येक कॉम्प्रेसरचा असा आलेख देते. आडव्या अक्षावर मिनिटाला जाणारी हवा, उभ्या अक्षावर ती किती पट दाबली जाते ते. मधे कार्यक्षमतेची बेटं. डाव्या कडेबाहेर गेलात तर हवा उलटी फिरून चाकाला हादरे देते. उजव्या कडेबाहेर गेलात तर टर्बो हवेऐवजी उष्णता पंप करू लागतो. आपल्या इंजिनाची रेघ या बेटांवरून जाते की नाही, एवढं बघायचं.

हिशेब अवघड नाही. इंजिन ६,५०० आरपीएमला, हवा २.२ पट दाबलेली, इंटरकूलरमधून निघताना ४० अंश, आणि सिलिंडर नव्वद टक्के भरतात असं धरू. दोन लीटरचं इंजिन मिनिटाला ३२ पौंडांच्या आसपास हवा गिळतं, अडीच लीटरचं ३९ पौंडांच्या. एक पौंड हवेला ढोबळमानाने दहा हॉर्सपॉवर. म्हणजे त्याच दाबाला एका इंजिनातून ३२० निघतात, दुसऱ्यातून ३९०. आता ३९ पौंड हवा देणारा मोठा टर्बो दोन लीटरच्या इंजिनाला लावला तर ३,५०० आरपीएमला ते बिचारं त्याला फिरवण्याइतका धूर कुठून आणणार? शेजाऱ्याच्या एसटीआयवर झकास चालणारा टर्बो आपल्या डब्ल्यूआरएक्सवर सुस्त का, याचं उत्तर एवढंच होतं. ते सापडायच्या आधी अनेकांनी दोष दिला तो ट्यूनरला.

नकाशा हातात आल्यावर भूगोलही शिरला. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. समुद्रकाठी हवेचा दाब १४.७ पीएसआय, तिथे जेमतेम १२.२. समुद्रकाठी १५ पीएसआयचा बूस्ट, म्हणजे बाहेरच्या दाबावर टर्बोची भर, द्यायचा तर हवा दुप्पट दाबावी लागते. सिलिंडरमध्ये तेवढीच हवा डेन्व्हरला भरायची तर जवळजवळ अडीच पट. छोटा टर्बो तिथे जिवाच्या आकांताने फिरतो आणि तापतो. म्हणून डोंगरातल्या गावात एक पायरी मोठा टर्बो घेणं हा हव्यासाचा भाग नव्हता.

पेट्रोलचंही तसंच. कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेन, टेक्सासात आणि पूर्वेकडे ९३. दोनच अंकांचा फरक, पण टर्बोच्या गाडीत तो नॉकिंगच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकण्याच्या, अलीकडे राहायचं की पलीकडे जायचं हे ठरवतो. ज्या राज्यांत मक्यापासून काढलेलं ई८५ इंधन पंपावर मिळतं, तिथले मालक त्याच टर्बोमधून कितीतरी जास्त काढू लागले. मात्र ते इंधन खूप जास्त लागतं, त्यामुळे इंजेक्टर पुन्हा बदलणं आलं. कॅलिफोर्नियातल्या माणसाने टेक्सासातल्या माणसाचा आकडा बघून टर्बो मागवला, की निम्मे पैसे पाण्यात.

या सगळ्यावर कडी केली ती पिस्टननी. ईजे२५७ चे ओतीव पिस्टन नॉकिंग सहन करत नाहीत. रिंग जिथे बसते तिथली कड तडकते, इंजिन तेल खाऊ लागतं, आणि इंजिन उघडावं लागतं. टर्बो न बदललेल्या गाड्यांतही हे झालं. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट उमगली, आणि ती पटायला लोकांना वेळ लागला. छोट्या टर्बोला पिळून तीन हजारालाच सगळा टॉर्क काढला की पिस्टनवर आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण भयंकर असतो, कारण इंजिन हळू फिरत असतं आणि प्रत्येक स्फोटात दाब जास्त. थोडा मोठा टर्बो, थोडा कमी बूस्ट आणि ताकद पाच हजाराच्या पुढे, ही जुळणी कित्येकदा इंजिनाला जास्त मानवते. ‘छोटा टर्बो म्हणजे सुरक्षित’ हा समज मी अजूनही ऐकतो. तो अर्धाच खरा आहे.

सुबारूने स्वतः लॅगवर दोन तोडगे काढले होते. एक फसला. जपानी लेगसीत १९९३ पासून दोन टर्बो क्रमाने लागत: आधी छोटा, मग जोडीला मोठा. दुसरा जागा होईपर्यंत मधे ताकदीचा खड्डा पडे, आणि तो चालवणाऱ्याला चांगलाच कळे. दुसरा तोडगा सरस निघाला. एकाच टर्बोला धूर देणाऱ्या दोन वेगळ्या वाटा, म्हणजे ट्विन स्क्रोल. जपानी एसटीआयला तो मिळाला; अमेरिकी एसटीआय शेवटपर्यंत साध्या स्क्रोलवरच राहिली. याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्याकडे या इंजिनाच्या घराण्यातली गाडी आली ती दुसऱ्याच नावाने. शेव्हरोले फॉरेस्टर म्हणून विकली गेलेली गाडी सुबारूच होती, पण टर्बोविना. आपल्या हौशी मंडळींनी हात साफ केला तो स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.८ टर्बोवर. ऑक्टाव्हिया २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवली जाऊ लागली, म्हणजे डब्ल्यूआरएक्स अमेरिकेत उतरली त्याच वर्षी. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीचा मूळ घाट बदलता येणार नाही, असं सांगितल्यापासून आपल्याकडे ही हौस आणखी दबक्या आवाजात चालते.

अमेरिकेतही आवाज उतरला. तिथल्या पर्यावरण संस्थेने धूर नियंत्रण काढून टाकणाऱ्या सुट्या भागांविरुद्ध मोहीम उघडली. २०२२ मध्ये सुबारूवाल्यांच्या घरोघरी असलेल्या कॉब कंपनीच्या ट्यूनिंग यंत्राच्या नव्या आवृत्तीतून, धूर नियंत्रण बंद करण्याच्या सोयी गेल्या. ज्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टर्बो बसवला होता, त्यांची पंचाईत झाली.

त्याआधी, २०१९ मध्ये, सुबारूने दोन गोष्टी केल्या. जपानात दोन लीटरच्या ईजे२० इंजिनाच्या शेवटच्या ५५५ गाड्या काढल्या. आणि अमेरिकेसाठी एस२०९ काढली, २०९ नगांची. या गाडीत कारखान्यानेच टर्बो बदलला होता. तो होता फुजी पर्वताच्या पायथ्याच्या एचकेएसचा, म्हणजे ज्या दुकानाची खोकी अमेरिकी मालक वर्षानुवर्षं मागवत आले त्याच घराण्याचा. बूस्ट १८ पीएसआय, ताकद ३४१ हॉर्सपॉवर. त्या वर्षीच्या साध्या एसटीआयपेक्षा ३१ जास्त. भाजणीच्या हिशेबात ही फार खालची पायरी. २०जी बसवणारे याला हसले असते. पण त्या ३१ साठी कारखान्याने पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड आधी बदलले, ओतीव काढून घडीव घातले, आणि इंटरकूलरवर पाणी फवारायची सोय केली. किंमत ६४ हजार डॉलरच्या घरात.

२०२१ च्या मॉडेलनंतर एसटीआय बंद झाली, आणि २०२२ च्या मार्चमध्ये सुबारूने सांगून टाकलं की नव्या डब्ल्यूआरएक्सवर पेट्रोलची एसटीआय येणार नाही. नव्या गाडीत २.४ लीटरचं इंजिन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणारं. तिथे हवेच्या आधी इंधन कमी पडतं, विशेषतः ई८५ वर; उच्च दाबाचा पंप हात टेकतो तेव्हा टर्बोत अजून दम शिल्लक असतो. त्या गाडीचे मालक गॅरेजमध्ये जातात तेव्हा पहिली चौकशी पंपाची करतात.