संगणक बदलताना ब्राउझरचे दप्तर सांभाळा

शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांचे बरेचसे दैनंदिन कामकाज आता संगणकावरील ब्राउझरमधून चालते. योजनांचे अर्ज, विद्यार्थ्यांची माहिती, जमाखर्चाच्या नोंदी अशा नानाविध कामांसाठी निरनिराळी संकेतस्थळे उघडावी लागतात. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. जे जुने संगणक विंडोज ११ चालविण्यास असमर्थ आहेत, ते बदलणे त्यामुळे क्रमप्राप्त झाले आहे.

संगणक बदलताना पत्रे, तक्ते, छायाचित्रे यांच्या प्रती आठवणीने काढल्या जातात. परंतु ब्राउझरने स्वतःजवळ साठविलेली माहिती बहुधा नजरेआड राहते. जुना संगणक एकदा पुसला गेला की मग पासवर्ड आठवत नाहीत, खुणा करून ठेवलेली संकेतस्थळे सापडत नाहीत आणि ज्या दूरध्वनी क्रमांकावर नवा पासवर्ड मागवायचा, तो बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचा असतो. काम अडते ते असे.

प्रोफाइल म्हणजे काय?

ब्राउझर हा कार्यक्रम आणि वापरणाऱ्याची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रम नव्या संगणकावर केव्हाही बसविता येतो. वापरणाऱ्याची माहिती मात्र ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. ब्राउझरचे दप्तर ते हेच. विंडोजमध्ये ते ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डेस्कटॉप’वर नसून ‘ॲपडेटा’ या फोल्डरच्या आत असते. हा फोल्डर सहसा दिसत नाही आणि म्हणूनच प्रती काढताना तो राहून जातो.

फायरफॉक्सची रीत

फायरफॉक्समध्ये हे फोल्डर शोधणे सोपे आहे. ‘हेल्प’ या सूचीतील ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ हे पान उघडल्यास ‘प्रोफाइल फोल्डर’ या नोंदीसमोर ‘ओपन फोल्डर’ हे बटण आढळते. आतील प्रत्येक फाइलचे काम ठरलेले आहे. ‘प्लेसेस’ या फाइलमध्ये बुकमार्क आणि पाहिलेल्या पानांचा इतिहास असतो. पासवर्ड ‘लॉगिन्स’ या फाइलमध्ये सांकेतिक रूपात असतात, तर ते उलगडण्याची किल्ली ‘की४’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. यांपैकी एकच फाइल नेल्यास पासवर्ड हाती येत नाहीत. यास्तव निवडक फाइली न उचलता संपूर्ण फोल्डरची प्रत घेणे श्रेयस्कर होय.

प्रत घेण्यापूर्वी फायरफॉक्स पूर्णपणे बंद करणे अत्यावश्यक आहे. तो चालू असताना या फाइलींत लेखन होत असते, आणि अशा वेळी घेतलेली प्रत अपुरी किंवा सदोष निघू शकते. नव्या संगणकावर प्रथम फायरफॉक्सची अद्ययावत आवृत्ती बसवावी, कारण नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडण्यास २०१९ मधील ६७व्या आवृत्तीपासून प्रतिबंध करण्यात आला आहे. ब्राउझर एकदा उघडून वरील रीतीने त्याचे प्रोफाइल फोल्डर शोधावे, ब्राउझर बंद करावा आणि जुन्या फोल्डरमधील सर्व फाइली या नव्या फोल्डरमध्ये उतरवाव्यात.

क्रोमची गोष्ट वेगळी

गुगल क्रोमचे प्रोफाइलही ‘ॲपडेटा’मध्येच असते. मात्र विंडोजवर क्रोमचे पासवर्ड ज्या किल्लीने बंदिस्त केले जातात, ती त्या संगणकावरील वापरकर्त्याच्या खात्याशी निगडित असते. परिणामी संपूर्ण फोल्डर नव्या संगणकावर नेला, तरी बुकमार्क दिसतात आणि पासवर्ड उघडत नाहीत. फोल्डरची प्रत घेतली म्हणजे सर्व काही आले, हा समज येथे महागात पडतो.

यासाठी जुना संगणक चालू असतानाच क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधील ‘एक्सपोर्ट’ ही सोय वापरून पासवर्डची फाइल काढावी आणि बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्कची फाइल घ्यावी. पासवर्डची ही फाइल साध्या वाचनीय अक्षरांत असते व कोणालाही उघडता येते. नव्या संगणकावर माहिती उतरताच ती पेनड्राइव्हसह सर्व ठिकाणांहून नष्ट करावी. गुगल खात्याद्वारे ‘सिंक’ करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. परंतु कार्यालयाची माहिती एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात साठविली गेल्यास, त्या व्यक्तीची बदली होताच ती माहितीही तिच्याबरोबर जाते. म्हणून खाते संस्थेचे असणे इष्ट.

डिजिटल स्वाक्षरीबाबत एक खुलासा आवश्यक आहे. यूएसबी टोकनमधील स्वाक्षरीची किल्ली टोकनमध्येच राहते, ब्राउझरच्या फोल्डरमध्ये येत नाही. टोकनसाठी लागणारा ड्रायव्हर नव्या संगणकावर स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

जपणूक आणि दक्षता

ज्या फोल्डरमुळे काम सुकर होते, तोच अन्य हाती पडल्यास धोक्याचा ठरतो. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवलेला नसेल, तर फोल्डरची प्रत ज्याच्या हाती, त्याला त्यातील सर्व पासवर्ड पाहता येतात. प्रत घेण्यापूर्वी असा पासवर्ड ठेवावा आणि प्रत असलेला पेनड्राइव्ह कुलपात ठेवावा.

नुसती प्रत घेतल्याने काम पुरे होत नाही. नव्या संगणकावर बुकमार्क दिसतात काय, नेहमीच्या दोन-तीन संकेतस्थळांवर प्रवेश मिळतो काय, याची खात्री करून घ्यावी. ती होईपर्यंत जुन्या संगणकाला हात लावू नये. त्यानंतर मात्र तो निर्लेखित करण्यापूर्वी किंवा दुसऱ्या विभागाकडे देण्यापूर्वी विंडोजच्या ‘रिसेट’ सोयीतील ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा पर्याय, ‘क्लीन डेटा’ची निवड करून, वापरावा. केवळ फाइली पुसल्याने त्या कायमच्या जातातच असे नाही.

कार्यभार सोपविताना दप्तराची यादी करून त्यावर देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या स्वाक्षऱ्या घेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. त्या यादीत ब्राउझरमधील माहितीची प्रत, ती घेतल्याचा दिनांक आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, एवढी एक नोंद वाढविल्यास संगणक बदलला अथवा कर्मचारी बदलला, तरी ग्रामस्थांचे आणि विद्यार्थ्यांचे काम खोळंबणार नाही.