आर्थर राजाची वारस अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलगी कशी? ‘लेजंडबॉर्न’ची गोष्ट आणि तिच्यामागचा इतिहास

पाषाणात रुतलेली तलवार जो उपसेल तोच ब्रिटनचा खरा राजा. आर्थर राजाच्या दंतकथेतला हा प्रसंग सिनेमा, कार्टून आणि पुस्तकांमुळे जगभर ठाऊक आहे. अमेरिकी लेखिका ट्रेसी डिऑन यांनी २०२० साली ‘लेजंडबॉर्न’ या किशोर-तरुण वाचकांसाठीच्या कादंबरीत तो आजच्या काळात आणला. त्यांच्या कथेत ही तलवार येते सोळा वर्षांच्या ब्री मॅथ्यूजच्या हाती. ब्री अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली कृष्णवर्णीय मुलगी आहे.

ब्रिटनच्या राजाची वारस अमेरिकेत कशी सापडते? जुन्या कथेतल्या नायकाचा फक्त रंग बदलला आहे, की या बदलामागे काही इतिहास आहे? (या लेखात कादंबरीचं मुख्य रहस्य सांगितलं आहे. पुस्तक आधी वाचायचं असेल तर लेख नंतर वाचलेला बरा.)

कादंबरीची गोष्ट काय आहे?

ब्रीची आई अपघातात गेली आहे. त्या धक्क्यातून सावरलेली नसतानाच ती शाळकरी मुलांसाठीच्या एका विशेष अभ्यासक्रमासाठी चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दाखल होते. पहिल्याच रात्री तिला इतरांना न दिसणारा एक राक्षसी जीव दिसतो. सेल्विन नावाचा तरुण मंत्रशक्तीने तिची ही आठवण पुसायला जातो, पण ती पुसली जात नाही. उलट ब्रीला आठवतं की आई गेली त्या रात्री इस्पितळातही कुणीतरी तिची स्मृती अशीच पुसली होती. मग आईच्या मृत्यूचं खरं कारण काय?

त्याचा माग काढत ती एका गुप्त संघटनेपर्यंत पोहोचते. आर्थर आणि त्याच्या गोलमेजावरचे सरदार मेले, तरी त्यांची शक्ती त्यांच्या तेरा घराण्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, अशी ही कल्पना आहे. या घराण्यांतली तरुण मुलं राक्षसांशी लढतात. मर्लिन हे इथे एका माणसाचं नाव राहिलेलं नाही, ते एक पद आहे, आणि सेल्विन त्या पदावर आहे. आर्थरचा वारस म्हणून निक डेव्हिस या गोऱ्या तरुणाकडे सगळे पाहत असतात. निकच्या मदतीने ब्री उमेदवार म्हणून संघटनेत शिरते.

मूळ कथेशी ही छेडछाड नाही का?

अशा पुनर्कथनांवर हा आक्षेप हमखास घेतला जातो. पण आर्थरच्या बाबतीत ‘मूळ’ कथा दाखवणं अवघड आहे. आर्थर नावाचा राजा खरोखर होऊन गेला, याचा त्याच्या काळातला भक्कम पुरावा नाही. जेफ्री ऑफ मॉनमथ याने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासामुळे आर्थर युरोपभर प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात गोलमेज नाही आणि पाषाणातली तलवारही नाही.

गोलमेज आलं ११५५ मध्ये, वेस या कवीच्या काव्यातून. राणी ग्विनेव्हिअरचा प्रियकर लान्सलॉट बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीने आणला. पाषाणातल्या तलवारीचा प्रसंग १२०० च्या आसपास रॉबेर द बोरों याच्या नावावरच्या काव्यात येतो. आज आपण ज्याला आर्थरची कथा म्हणतो तिचं ठळक इंग्रजी रूप थॉमस मॅलरीचं आहे, आणि ते १४८५ साली विल्यम कॅक्स्टनने छापलं. म्हणजे प्रत्येक काळाने या कथेत आपली भर घातली आहे. कर्णाच्या बाजूने महाभारत सांगणारी ‘मृत्युंजय’ वाचलेल्या मराठी वाचकाला अशी भर नवीन वाटणार नाही.

कथा आजच्या काळात आणायची सोय तर दंतकथेतच आहे. आर्थर कायमचा मेला नाही, गरजेच्या वेळी तो परत येईल, ही समजूत मॅलरीनेही नोंदवली आहे. सुझन कूपर यांनी १९६५ साली कॉर्नवॉलमध्ये सुट्टीवर आलेल्या तीन भावंडांना आर्थरच्या काळातल्या ठेव्याच्या शोधात पाठवलं. मेग कॅबट यांच्या २००५ च्या ‘अ‍ॅव्हलॉन हाय’मध्ये तो अमेरिकेतल्या शाळेत आला, तर २०१९ च्या ‘द किड हू वुड बी किंग’ या चित्रपटात एका इंग्रज शाळकरी मुलाला तलवार सापडली.

चॅपल हिलच का?

डिऑन स्वतः नॉर्थ कॅरोलायनामध्ये वाढल्या आणि याच विद्यापीठात शिकल्या. पण जागेची निवड तेवढ्यावर थांबत नाही. या विद्यापीठात १७९५ मध्ये विद्यार्थी शिकू लागले. त्याच्या सुरुवातीच्या इमारती उभारण्यात गुलाम माणसांचे श्रम होते. याच विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवी अभ्यासक्रमाला पहिल्यांदा प्रवेश दिला तो १९५५ साली, तोही न्यायालयाच्या निकालानंतर.

विद्यापीठाच्या आवारात १९१३ साली ‘सायलेंट सॅम’ नावाचा सैनिकाचा पुतळा उभारला गेला. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या बाजूने यादवी युद्धात लढलेल्या विद्यार्थ्यांचं ते स्मारक होतं. अनावरणाच्या भाषणात ज्युलियन कार या उद्योगपतीने आपण एका कृष्णवर्णीय स्त्रीला चाबकाने कसं फोडून काढलं, हे अभिमानाने सांगितलं होतं. आंदोलकांनी २० ऑगस्ट २०१८ रोजी तो पुतळा खाली पाडला.

त्याच आवारात २००५ पासून दुसरं एक स्मारक आहे. विद्यापीठ उभारणाऱ्या, पण इतिहासात नाव न आलेल्या कृष्णवर्णीय माणसांसाठी शिल्पकार डो हो सुह यांनी ते घडवलं. एक गोल दगडी मेज, आणि ते हातांवर तोलून धरणाऱ्या ३०० छोट्या ब्राँझच्या मूर्ती, असं त्याचं रूप आहे. आर्थरच्या गोलमेजाची कथा इथे घडवताना ते मेज कुणाच्या खांद्यावर उभं आहे, हा प्रश्न त्या जागेवरच हजर होता.

दक्षिणेकडच्या गोऱ्या जमीनदारांना सरदारकीच्या कथांचं वेडही होतं. आपण जुन्या शूर सरदारांचे वारस आहोत, अशी स्वतःची प्रतिमा त्यांनी जपली. मार्क ट्वेनने १८८३ च्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’मध्ये या वेडाबद्दल वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांना जबाबदार धरलं, आणि १८८९ मध्ये आर्थरच्या दरबाराची टर उडवणारी कादंबरी लिहिली. त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनातल्या जुन्या श्रीमंत घराण्यांची ‘सरदारांची संघटना’ ही कल्पना तिथल्या वाचकाला ओळखीची वाटते.

मग ब्री वारस कशी ठरते?

कादंबरीच्या शेवटी कळतं की ब्रीची एक पूर्वज, व्हेरा, गुलाम होती. तिचा मालक सॅम्युअल डेव्हिस हा त्या काळातला आर्थरचा वारस. त्याने व्हेरावर बलात्कार केला. गरोदर व्हेरा पळाली आणि आपलं मूल वाचावं म्हणून तिने पूर्वजांच्या शक्तीला साद घातली. आर्थरचा वंश तिच्याकडून लेकींच्या मार्गाने ब्रीपर्यंत आला. डेव्हिसच्या घरात जन्मलेलं आणि त्याचं समजलं गेलेलं मूल प्रत्यक्षात लान्सलॉटच्या घराण्यातल्या पुरुषाचं होतं. म्हणजे आर्थर, ग्विनेव्हिअर आणि लान्सलॉट यांचा जुना त्रिकोण इथे पुन्हा घडतो, आणि निक हा लान्सलॉटचा वारस ठरतो.

व्हेराने मागितलेल्या शक्तीची किंमतही आहे. या घराण्यात एका वेळी एकच लेक टिकते, आणि मुली लहान वयात आईला मुकतात. डिऑन यांच्या स्वतःच्या आईचं निधन या लेखनामागे आहे, हे त्यांनी कादंबरीला जोडलेल्या टिपणात सांगितलं आहे. त्यामुळे ब्रीचा शोक कथेच्या कडेला राहत नाही. आईला काय झालं, या एका प्रश्नापायी ती प्रत्येक दार ठोठावते.

हा निव्वळ कल्पनेचा खेळ आहे का?

जादू काल्पनिक आहे, पण वंश लपवण्याची यंत्रणा खरी होती. इंग्लिश परंपरेत मुलाचा दर्जा वडिलांवरून ठरत असे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये कायदा करून तो आईवरून ठरवला. गुलाम स्त्रीचं मूल, बाप कुणीही असो, गुलामच. असा नियम इतर वसाहतींतही रुजला. परिणाम असा, की मालकापासून झालेलं मूल त्याचं वारस ठरत नसे, ते त्याच्या मालमत्तेत जमा होई. बापाचं नाव नोंदवण्याची गरजही उरत नसे.

कागदपत्रांतही हेच दिसतं. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. त्यात मालकाच्या नावाखाली गुलामांचं वय, लिंग आणि वर्ण लिहिलं जाई. गुलामांची नावं मात्र, अगदी थोडे अपवाद सोडले, तर नसत. गुलामगिरी संपल्यावर १८७० च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा नावानिशी नोंदली गेली. आजही अनेक कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबांचा पूर्वजांचा शोध १८७० पाशी अडतो. वंशावळ शोधणारे त्याला १८७० ची भिंत म्हणतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं आहे. त्यांची गुलाम सॅली हेमिंग्ज हिच्या मुलांचे वडील जेफरसनच होते, असं तिचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. बहुतेक इतिहासकारांनी ते दीर्घकाळ मानलं नाही. १९९८ च्या डीएनए चाचणीत हेमिंग्जच्या एका मुलाचा वंशज जेफरसन घराण्याशी जुळला, आणि त्यानंतर चित्र पालटलं.

‘लेजंडबॉर्न’चा गाभा इथे आहे. संघटनेतल्या मुलांना आपली घराणी शतकानुशतकं मागे मोजता येतात, आणि त्याच मोजणीवर त्यांचा मान ठरतो. ब्रीला काही पिढ्यांपलीकडे काहीच सांगता येत नाही. पण तिच्या घराण्याचा इतिहास रिकामा नव्हता. ज्यांनी वह्या लिहिल्या, त्यांनीच तो लिहिला नाही. आर्थरची मूळ कथाही जन्म लपवलेल्या, अनोळखी घरात वाढलेल्या वारसाची आहे. डिऑन यांनी तो लपवालपवीचा धागा अमेरिकेच्या इतिहासाला जोडला.

कृष्णवर्णीय सरदार याआधी कधी आला होता का?

हो, मध्ययुगातच. तेराव्या शतकातल्या ‘मोरियान’ या डच काव्याचा नायक काळ्या वर्णाचा तरुण सरदार आहे. त्याचा बाप गोलमेजावरचा अ‍ॅग्लोव्हेल. परत येण्याचं वचन देऊन तो मोरियानच्या आईला सोडून गेला. बापाचा पत्ता नाही म्हणून मायलेकांचा जमिनीवरचा हक्क बुडाला, आणि मोरियान बापाला शोधायला निघाला. गोलमेजाशी नातं असलेला, पण बापाच्या नावाअभावी हक्क गमावलेला कृष्णवर्णीय वारस सुमारे आठशे वर्षांपूर्वीच या परंपरेत होता.

कादंबरीवर काय प्रश्न उभे राहतात?

पहिला प्रश्न वाचनाच्या सोयीचा. घराणी, पदं, शपथा आणि वेल्श भाषेतून घेतलेल्या संज्ञा यांची सुरुवातीला इतकी गर्दी होते की नवख्या वाचकाला मागची पानं उलटावी लागतात.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. जन्मावरून राजा ठरवणं अन्यायाचं असेल, तर खरा वारस दुसराच होता हे दाखवून तो अन्याय संपतो का? राजेपण शेवटी रक्तातूनच येत असेल, तर नियम तोच राहतो. कादंबरी याला अर्धं उत्तर देते. ब्रीला मिळालेला वारसा एका अत्याचारातून आला आहे, त्यामुळे तो मिरवण्यासारखा नाही, हे तिला पुरतं ठाऊक असतं. शिवाय तिच्यासमोर दुसरी एक परंपराही आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांनी जपलेल्या या विद्येत पूर्वजांकडून शक्ती गरजेपुरती उसनी घेतात आणि परत करतात. संघटनेसारखी ती रक्तात कोंडून ठेवत नाहीत. या दोन वारशांमधली ओढाताण पहिल्या भागात सुटत नाही.

पुढे काय?

‘लेजंडबॉर्न’ला २०२१ मध्ये अमेरिकेत नवोदित कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांसाठी असलेला कोरेटा स्कॉट किंग–जॉन स्टेप्टो पुरस्कार मिळाला. दुसरा भाग ‘ब्लडमार्क्ड’ २०२२ मध्ये आला. त्यात वारस सिद्ध होऊनही संघटनेतले ज्येष्ठ ब्रीच्या हाती सत्ता द्यायला तयार नसतात. तिसरा भाग ‘ओथबाउंड’ मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मालिका वाचायची असेल तर पहिल्या भागापासूनच सुरुवात करावी. आर्थरची कथा आधी ठाऊक असण्याची गरज नाही. ब्रीलाही ती संघटनेत शिरल्यावरच नीट कळू लागते.