विटा सुटायला हव्यात

पुण्याच्या पेठांतला जुना वाडा उतरवायचा असला, की पाडकामाचा ठेकेदार बरेचदा मालकाला पैसे देऊन तो नेतो. सागवानी खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, जोत्याचे घडीव दगड, विटा, सगळ्याला गिऱ्हाईक असते. पुनर्विकासात पाडलेल्या आरसीसी इमारतीतून मात्र सळई, दारे-खिडक्या तेवढ्या निघतात. बाकी राडारोडा. तो टाकायचा कुठे, हा प्रश्न नदीकाठांनी आणि टेकड्यांनी आजवर सोसला आहे.

हा फरक मुख्यतः दर्जाचा नव्हे, सांध्याचा आहे. वाड्याची वीट मातीत किंवा चुन्यात बसवलेली असते आणि हा मसाला विटेपेक्षा मऊ. छिन्नीचा हलका घाव पुरतो, वीट अख्खी सुटते, खरवडून पुन्हा लावता येते. सिमेंटचा कडक मसाला विटेला सोडत नाही. वीट फुटते, मसाला तसाच राहतो. शिवाय सिमेंटची भट्टी सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, चुन्याला ९०० अंशांच्या आसपास भागते. चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे सुटतो, पण चुना भिंतीत घट्ट होताना त्यातला बराचसा परत शोषून घेतो. पर्यावरणस्नेही घराची चर्चा सौर पॅनलपासून सुरू होते, ती मसाल्यापासून सुरू व्हावी असे मला मनापासून वाटते.

लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराने हे भारतात करून दाखवले. १९४५ साली इंग्लंडहून आलेला हा माणूस पुढे तिरुवनंतपुरमला स्थायिक झाला आणि मोडलेल्या घरांचे लाकूड, जुनी दारे, रंगीत बाटल्या भिंतींत वापरत राहिला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची त्याची ‘रॅट-ट्रॅप’ भिंत सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते आणि आतली हवा उन्हाची झळ अडवते. त्याची ‘फिलर स्लॅब’ तर आपल्याकडे गावोगावी व्हायला हवी. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण पेलत नाही, ते काम सळई करते. मग सळ्यांच्या चौकटींमध्ये काँक्रीट ओतण्याऐवजी मंगलोरी कौले ठेवायची. छपरावरून उतरवलेली, टवके गेलेली कौलेही चालतात. कोकणात पत्रे चढले तशी अशी कौले परसात रचून पडली आहेत.

जुन्या मालाचे घर बांधताना क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी नकाशा आणि मग खरेदी, असे केले तर मिळालेली प्रत्येक चौकट कापावी लागते. आधी दारे, खिडक्या, तुळया गोळा कराव्यात, त्यांची मापे घ्यावीत आणि ती आर्किटेक्टपुढे ठेवावीत. खोलीची रुंदी तुळईच्या लांबीने ठरू द्यावी. लाकडाची टोके तपासायची, कारण वाळवी आणि ओल भिंतीत गेलेल्या भागाला आधी लागते. टोक कुजले असेल तर तेवढे कापून तुळई आखूड गाळ्याला वापरता येते. विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का पाहावे. शंका असेल तर कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात ठेवावी आणि पुन्हा तोलावी. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढले, तर ती बाहेरच्या भिंतीला नको.

काही वस्तूंना मात्र ठाम नकार द्यावा. वाकवून सरळ केलेली सळई खांबात किंवा बीममध्ये घालू नये. जुने सिमेंटचे पत्रे स्वस्त मिळतात, पण त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांत कायमची बसते. जुन्या दारांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा आणि मुलांना दूर ठेवावे.

राडारोडाही अगदीच वाया जाण्याचे कारण नाही. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने काँक्रीट फोडून केलेल्या खडीला मान्यता दिली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि पायाखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे ती वापरता येते. ठेकेदार सहसा हे आपणहून सुचवत नाही, त्यामुळे करारातच लिहून घ्यावे. त्याच करारात आणखी एक ओळ हवी: भार न पेलणाऱ्या आतल्या भिंती चुन्यात, आणि लाकडाचे सांधे खिळ्यांऐवजी बोल्टचे.