बैठक (व्यायामप्रकार)

बैठक हा खुबे, गुडघे आणि घोटे एकाच वेळी वाकवून शरीर खाली नेण्याचा व पुन्हा उभे राहण्याचा व्यायामप्रकार आहे. महाराष्ट्रातील तालमींत तो जोरांच्या जोडीने केला जात असल्याने 'जोर-बैठका' हा जोडशब्द रूढ झाला. पिंपरी-चिंचवड परिसरात भोसरीसारख्या गावांना कुस्तीची परंपरा आहे. तेथे तालमीतील बैठकीबरोबरच खांद्यावर वजनाची दांडी घेऊन मारायची, 'स्क्वॉट' नावाने परिचित असलेली बैठकही प्रचलित आहे.

पद्धतींतील फरक

तालमीतील बैठकीत टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि गुडघे बोटांच्या बरेच पुढे जातात. धड बहुतांशी ताठ राहते. वजनासह मारायच्या बैठकीत टाचा जमिनीला टेकलेल्या असतात, खुबे मागे जातात आणि धड पुढे झुकते.

गुडघ्यावरील ताण

गुडघा वाकत जातो तसतसा वाटी व मांडीचे हाड यांमधील दाब वाढतो. सुमारे ९० अंशांपर्यंत ही वाढ ठळक असते. त्यापुढे मांडीच्या पुढील स्नायूंचा कंडराही हाडाला टेकून काही भार वाटून घेतो. गुडघा जितका पुढे सरकतो, तितके भाररेषेपासूनचे त्याचे अंतर आणि पर्यायाने त्यावरील आघूर्ण वाढते.

'गुडघे बोटांपुढे जाऊ नयेत' हा नियम यातूनच आला. अमेरिकेतील एका प्रयोगात (२००३) खांद्यावर वजन घेतलेल्या सात पुरुषांचे गुडघे फळी लावून बोटांच्या रेषेतच रोखण्यात आले. तेव्हा गुडघ्यावरील आघूर्ण सरासरी १५० वरून ११७ न्यूटन-मीटरपर्यंत घटले, परंतु खुब्यावरील आघूर्ण २८ वरून ३०३ पर्यंत वाढले. धड अधिक झुकल्याने कंबरेवरील भारही वाढतो. म्हणजेच पद्धत बदलल्याने ताण नाहीसा होत नाही, तो एका सांध्याकडून दुसऱ्याकडे जातो.

खोल बैठकीविषयीचा वाद

खोल बैठकांमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असे अमेरिकन संशोधक कार्ल क्लाइन यांनी १९६१ मध्ये मांडले. निरोगी गुडघ्यांबाबत या मताला नंतरच्या अभ्यासांतून पुष्टी मिळाली नाही.

श्रम आणि व्यायाम

व्यायामातील बैठक काही मिनिटांची असते. कामासाठी उकिडवे बसणे दीर्घकाळाचे असते. ज्या कामांत वारंवार गुडघे टेकावे वा उकिडवे बसावे लागते, त्यांचा गुडघ्याच्या संधिवाताशी संबंध आढळला आहे. चाकण-पिंपरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात जमिनीलगत जोडणी वा वेल्डिंग करणाऱ्या कामगाराच्या बाबतीत म्हणूनच पाळीतील श्रम आणि व्यायामातील भार यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.

दक्षता

गुडघे बोटांच्या दिशेतच वाकवणे, ते आत न झुकू देणे, तळाशी उसळी न घेणे आणि वजन व संख्या हळूहळू वाढवणे हे सर्व पद्धतींना समान असलेले नियम होत. वाटीभोवती वेदना असल्यास खोली व संख्या कमी करतात. सूज आल्यास किंवा गुडघा अडकत असल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.